हिराबायच्या धवल्याने अडवलेली जागा

निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीने मला शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि नारळ दिला. माझं घर चौलला, नारळ-सुपारीच्या वाडीत. सकाळी उठून अंगणात पडलेले नारळ आधी बाजूला करावे लागतात, तेव्हा कुठे पाय ठेवायला जागा होते. तरीही मी तो नारळ हसून घेतला. भाषणात मात्र आमचे नवे साहेब म्हणाले, की नीलाताईंनी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याच्या जमान्यात मोठी सेवा केली, आता रंगीत चित्रांचा जमाना आला आहे. त्यावर मी हसले नाही. माईक मागून घेतला आणि म्हटलं, "चित्रं छान आहेत साहेब. पण चित्रात जे दिसत नाही ते शोधायला मला काळा पडदाच लागतो, आणि मी तो घरी घेऊन चालले आहे." टाळ्या जरा कमीच पडल्या. वडा मात्र गरम होता.

माझं काम होतं कारखान्यातले सर्व्हर सांभाळणं. सर्व्हर म्हणजे थंड खोलीत कोंडून ठेवलेला दांडगा कॉम्प्युटर. सगळ्या खात्यांचं सगळं काम त्याच्या डिस्कवर साठतं. साठतं, साठतं आणि एक दिवस डिस्क भरते. मग गेटपास छापला जात नाही, गेटवर ट्रकांची रांग लागते, आणि जे साहेब एरवी माझ्या खोलीचा रस्ताही विचारत नाहीत ते धापा टाकत दारात उभे राहतात. त्यांचं म्हणणं नेहमी एकच: "काहीतरी उडवा आणि जागा करा."

काहीतरी उडवा. उभं आयुष्य मी या दोन शब्दांशी भांडले.

भांडायला माझ्याकडे दोन कमांड होत्या. कमांड म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करायची आज्ञा. एकीचं नाव डीएफ, दुसरीचं डीयू. डीएफ सांगते डिस्क किती भरली. डीयू सांगते कोणी भरली. डीयू घरातल्या एकेका खोलीत शिरते, खोलीतल्या कपाटात, कपाटातल्या खणात, खणातल्या डब्यात, आणि प्रत्येकाचं वजन करून बाहेर येते. मग वजनाप्रमाणे ओळ लावायची, सगळ्यात जड ते सगळ्यात वर. एवढंच. तिला रंग नाहीत, चित्रं नाहीत, ती स्वतःहून काही पुसतही नाही. ती फक्त दाखवते. पुसायचं की नाही हे माणसाने ठरवायचं, आणि ठरवण्याआधी उघडून बघायचं. हा माझा नियम. यावरून माझी बढती एकदा अडली, एकदा लेखी समज मिळाली. मी नियम बदलला नाही.

जड म्हणजे टाकाऊ नव्हे, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. काशीदला एका लॉजवाल्याने मला बोलावलं होतं. त्याचा कॉम्प्युटर भरून बंद पडला होता, पाहुण्यांच्या नोंदी होईनात. मी डीयू चालवली. सगळ्यात वर निघालं एका कॅमेऱ्याचं चित्रण. तो कॅमेरा ना दाराकडे बघत होता, ना समुद्राकडे. तो वर्षभर बांधावरच्या एका माडाकडे बघत होता.

"हा माड कशाला?" मी विचारलं.

"तो माजा हाय," तो म्हणाला. "भाऊ बोलतो त्याचा हाय. रात्री कोन नारल काढतो ते त्यात दिसतं. ताई, बाकी कायपन पुसा, माडाला हात लावू नका. केस चालू हाय."

मी त्याला दुसरी डिस्क बसवून दिली. कारखान्यात असते तर कुणीतरी मला म्हणालं असतं, झाडाचं चित्रण उडवा. वरवर पाहणाऱ्याला ते झाडाचंच चित्रण होतं. लॉजवाल्यासाठी तो वडिलांच्या हातचा माड होता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

मुरुडच्या अलीकडे एका कोळीवाड्यात गावचं छोटं रेडिओ केंद्र आहे. सोसायटीच्या हॉलच्या माडीवर दोन खोल्या, गच्चीवर खांब, आणि आसपासच्या गावांत ऐकू येईल एवढा आवाज. ते फरीदा चालवते. फरीदा आधी शाळेत शिकवायची, आता हवामान, मासळीचे भाव, बायकांचे आजार आणि जुनी गाणी यांवर बोलते. निवृत्तीनंतर मी महिन्यातून एकदा एसटीने तिच्याकडे जाते, तिच्या मशीनची देखभाल करते, आणि ती मला जेवायला घालते. डीएफ आणि डीयू मी तिला शिकवल्या होत्या. ती शिकवणारी बाई असल्यामुळे शिकलीही पटकन.

त्या कोळीवाड्यात हिराबाय राहते. हिराबाय धवलारीण. आमच्याकडे आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते सगळे धवले त्या एका बाईच्या तोंडात असतात. ती गाते तेव्हाच पुढचा विधी होतो. नवरा-नवरी, भट, व्हिडिओवाला, सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबतात. हिराबायचे धवले तिच्या सासूकडून आलेले. ते कुठे लिहिलेले नाहीत.

गेल्या वर्षी हिराबायच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि हेही सांगितलं, की आवाज राहील याची खात्री देत नाही. कोळीवाड्यातल्या दोन सुना धवले शिकायला तयार होत्या, पण शिकायला वेळ कुठे होता? फरीदाने हिराबायच्या मागे लागून रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. हिराबाय ऐकेना.

"लगीन नाय तर धवला कसा गायाचा?" ती म्हणाली. "आनि कोनाच्या नावानी? उगाच गायला तर तो लागतो कोनाला तरी."

तेव्हा फरीदाने लग्नच गाठलं. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात हॉलच्या अंगणात एका पोरीचं लग्न होतं. माडीच्या खिडकीतून वायरी खाली सोडल्या, मांडवाच्या खांबांना माईक बांधले, आणि मशीन वर चालू केलं. हिराबायने एक अट घातली.

"एकदा चालू केलास की तोडायचा नाय. तुकडे करायचे नाय. मांडव उतरला की माजा काम सरला. तवर बंद कराचा नाय."

आता त्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामची सवय अशी, की दर तासाला जुनी फाईल बंद करून नवी उघडायची. फरीदाने ती सवय मोडली. धवलारणीचा शब्द होता, तुकडे करायचे नाहीत. म्हणून हळदीच्या सकाळपासून सगळं एकाच फाईलमध्ये जात राहिलं. हळद झाली, लग्न झालं, नवरी सासरी गेली, पण मांडव तिसऱ्या दिवशी उतरायचा होता. म्हणून फरीदाने मशीन तसंच चालू ठेवलं. रिकाम्या मांडवाचं रेकॉर्डिंग चालू राहिलं. ही चूक फक्त तिथेच होऊ शकते. मुंबईच्या स्टुडिओतल्या माणसाने असं केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होते. फरीदाचा फोन आला.

"ताई, डिस्क भरली होती. मी मशीन बसवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांच्या केतनने तिकडून बसूनच मशीन उघडलं आणि सगळ्यात मोठी फाईल पुसली. नावात नुसते आकडे होते, त्याला वाटलं कचरा आहे. ताई, ती हिराबायची फाईल होती."

हातातली सुपारी तशीच हातात राहिली.

"तो आता म्हणतोय रीस्टार्ट करा," फरीदा पुढे म्हणाली. "कारण पुसूनही जागा झालीच नाही. ताई, मला एक कळत नाही. डीएफ म्हणते डिस्क पूर्ण भरलेली आहे. डीयू म्हणते निम्मीसुद्धा नाही. खोटं कोण बोलतंय?"

मी सुपाऱ्या तशाच टाकून उठले.

"खोटं कुणीच बोलत नाहीये," मी म्हटलं. "फरीदा, कशालाही हात लावू नकोस. रीस्टार्ट करू देऊ नकोस. मी येते."

वाचकांना इथे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. एसटीच्या रिझर्वेशनचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी तक्त्यातून एका प्रवाशाचं नाव खोडलं. पण प्रवासी आधीच गाडीत बसलेला आहे. डीयू तक्ता वाचते, तिला तो माणूस दिसत नाही. डीएफ सीट बघते, तिला सीट भरलेली दिसते. फाईल पुसली म्हणजे फक्त नाव खोडलं जातं. एखाद्या प्रोग्रामने ती फाईल धरून ठेवली असेल, तर तो सोडेपर्यंत ती जिवंत असते. आणि फरीदाचा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम चालूच होता, कारण मांडव उतरला नव्हता. दर तासाला नवी फाईल झाली असती, तर जुन्या बंद झालेल्या फायली पुसताक्षणी कायमच्या गेल्या असत्या. हिराबायची अट होती म्हणून सगळं गाणं त्या प्रोग्रामच्या मुठीत शिल्लक होतं. रीस्टार्ट केलं की मूठ उघडणार होती.

रेवदंड्याहून एसटी मिळाली. पूल ओलांडला, काशीद गेलं, मध्ये फोनची रेंजही गेली. खिडकीतून समुद्र दिसत होता, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी मनातल्या मनात केतनशी भांडत होते. त्याला मी कधी पाहिलेलं नव्हतं. नवी मुंबईच्या कुठल्याशा इमारतीत बसलेला, आवाजावरून तरुण वाटणारा माणूस. रेडिओ केंद्राची मशीनं त्याच्या कंपनीने बसवलेली होती आणि तो तिथूनच ती चालवायचा.

माडी चढून खोलीत शिरले आणि पडद्यावर बाण स्वतःहून सरकताना दिसला. फरीदा हात बांधून उभी होती. तिने कशालाही हात लावला नव्हता. केतनला फोनवर थांब म्हणूनही तो तिकडून काम करतच होता. पडद्यावर लहानशी खिडकी उघडली होती: मशीन पुन्हा सुरू करायचं आहे का? बाण होकाराकडे चालला होता.

मी भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली.

बाण जागच्या जागी थांबला. फरीदाने श्वास सोडला. तिच्या ओठांवर "या अल्ला" आलं, तेही अगदी हळू. दोन मिनिटांत तिचा फोन वाजला, तो मी उचलला.

"मॅम, लाईन गेली काय तुमची?" केतन.

"गेली नाही. मी काढली."

"अरे मॅम, सिंपल होतं. रीस्टार्ट मारला असता की स्पेस फ्री. मला आज कंप्लेंट क्लोज करायचीय. वरून प्रेशर आहे."

"मग आज ती उघडी राहील."

"मॅम, सिस्टीम आमची आहे."

"सिस्टीम तुमची," मी म्हटलं. "त्यात अडकलेला आवाज तुमचा नाही. केतन, तू ती फाईल उघडून बघितलीस?"

"नाही मॅम. नाव नुसते नंबर होते."

"बघायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "मॅम, प्रोसेस अजून चालू आहे ना? मग तिकडून उचलता येईल. मी तुमची कंप्लेंट होल्डवर टाकतो. वरच्यांना मी बघून घेतो."

हे त्याने सांगायच्या आधी मला माहीत होतं, पण तो म्हणाला याचं मला बरं वाटलं. पोरगा वाईट नव्हता. त्याला घाईची सवय लावली होती, एवढंच.

मग मी काळा पडदा उघडला. कोणत्या प्रोग्रामने काय धरून ठेवलंय हे विचारणारी एक कमांड असते. ती दिली. ओळी झरझर वर गेल्या आणि त्यातल्या एका ओळीत ती आकड्यांच्या नावाची फाईल दिसली. तिच्यापुढे लिहिलेलं होतं की ही पुसलेली आहे. पुसलेली आहे आणि धरलेली आहे. मी फरीदाला दाखवली. तिने पडद्याला बोट लावलं, जणू ती ओळ खरी आहे का ते तपासत होती.

माझ्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी एक बाहेरची डिस्क कायम असते. माझा नवरा म्हणायचा, बायका पिशवीत कुंकू ठेवतात, तू डिस्क ठेवतेस. ती जोडली, आणि प्रोग्रामच्या मुठीतून फाईल उचलून तिच्यावर ठेवायला सांगितली. आता थांबायचं होतं. फाईल प्रचंड होती आणि मशीन जुनं.

तेवढ्यात पंखा बंद पडला.

"आज दुरुस्तीचा दिवस," फरीदा म्हणाली. "लाईट दुपारपर्यंत येणार नाही. ताई, इन्व्हर्टरची बॅटरी जुनी आहे. रेडिओ चालू ठेवला तर ती टिकायची नाही."

मी काही बोलायच्या आत ती माईकसमोर बसली. "ऐकणाऱ्यांना सलाम आणि नमस्कार," ती म्हणाली. "केंद्र थोडा वेळ बंद राहणार आहे. कारण आल्यावर सांगते. समुद्र शांत आहे, काळजी करू नका." आणि तिने रेडिओचं बटण बंद केलं. मग ट्यूबलाईट, मग पाण्याचं मशीन, मग देवघरातला दिवासुद्धा, जो फरीदाच्या आधीच्या बाईने लावला होता आणि फरीदाने कधी काढला नव्हता. आता त्या बॅटरीवर फक्त हिराबायचा आवाज चालला होता. फरीदाचा फोन वाजायला लागला, गावातून एकेकाला विचारायचं होतं, रेडिओ का बंद. तिने फोनही उचलला नाही.

आणि जिन्यावर पावलं वाजली. हिराबाय. मांडव उतरवायचा होता म्हणून ती आली होती. हातात पिशवी, कारण मांडव उतरला की तिथूनच दुपारच्या एसटीने तिला मुंबईला, ऑपरेशनला जायचं होतं. नऊवारी कासोटा घट्ट, नथ घातलेली. घशाभोवती मफलर.

आमचे चेहरे बघून तिला कळलं. फरीदाने सांगितलं. हिराबाय रडली नाही. ती संतापली.

"पुसला? कोनाला इचारून पुसला?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "पण तो पूर्ण गेलेला नाही. काढतेय."

"येनार का नाय तेवढा सांग, बाय. मना गोड बोलू नको. मना एसटी हाय."

"बॅटरी टिकली तर येणार."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर ठेवली. काळ्या पडद्यावर काहीच हलत नव्हतं. नुसती एक चौकट लुकलुकत होती.

"ह्यो काय बोलत नाय," ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

"काम नीट चालू असलं की तो गप्प असतो."

"माजा मालक पन असाच व्हता." ती पडद्याकडे बघतच राहिली. "गप. आनि मासली मात्र भरपूर."

खाली अंगणात पोरं मांडवाचे बांबू सोडायला आली होती. हिराबायने खिडकीतून डोकं काढून त्यांना दम दिला, मी खाली आल्याशिवाय एक दोरी सोडायची नाही. तिचा आवाज फुटत होता. तरी पोरं गप उभी राहिली. इन्व्हर्टरने पहिली शिट्टी दिली. मग दुसरी. फरीदा उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, जसं कुणी आजारी माणसाच्या उशाशी उभं राहतं. मी त्या चौकटीला मनातल्या मनात शिव्या देत होते. माझ्या सगळ्या नोकरीत मी कधी एखाद्या फाईलसाठी इतकी घाबरले नव्हते.

चौकट खालच्या ओळीवर आली. झालं होतं.

मी घाईघाईने थोडं वाजवून बघितलं. रेकॉर्डिंग बंद न करताच उचलल्यामुळे फाईलचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं, ते मी नंतर घरी बसून बांधलं, पण आवाज होता. जात्याची घरघर, बायकांची कुजबुज, आणि मग हिराबाय, खणखणीत, हळदीचा पहिला धवला. मी पुढे सरकवलं. नवरी निघाली तो धवला, त्याच्या मागे कुणीतरी रडतंय. अजून पुढे. रिकामा मांडव. वारा, कुत्रं, आणि एक कावळा, जो बराच वेळ काहीतरी सांगत होता.

"ह्यो कावला पन ठेव," हिराबाय म्हणाली.

मी बाहेरच्या डिस्कवर डीयू चालवून दाखवली. तिची फाईल सगळ्यात वर.

"किती जागा खाल्ली माज्या गान्यानी?"

"सगळ्यात जास्त. केंद्रातल्या सगळ्या कार्यक्रमांहून जास्त."

"खानारच," ती म्हणाली आणि उठली.

मी डिस्क काढून पिशवीत ठेवली आणि प्रोग्राम बंद केला. प्रोग्रामने मूठ उघडली, आणि डीएफने मुकाट्याने जागा मोकळी झाल्याचं सांगितलं. इन्व्हर्टर पुढच्याच मिनिटाला मेला. त्यामुळे एक राहिलं, आणि त्याची खंत मला आहे. खाली मांडव उतरला तेव्हा हिराबायने शेवटचा धवला गायला. रेकॉर्ड करायला मशीन नव्हतं. फरीदाने फोन पुढे धरला, तर हिराबायने तो हाताने खाली केला. "ह्यो नको," ती म्हणाली. "ह्यो मांडवाचा." फुटक्या आवाजात, अर्धा अडखळत, तिने तो पुरा केला. बांबू उतरले. मग ती एसटीत बसली.

ऑपरेशन झालं. गाठ गेली. आवाजही गेला.

दोन्ही सुना शिकत आहेत. केंद्रात बसून त्या हिराबायला ऐकतात आणि तिच्याच समोर गातात. चूक झाली की हिराबाय टेबलावर हात आपटते. बोलता येत नाही म्हणून तिचा राग कमी झालेला नाही, उलट टेबलाची एक फळी आता सैल झाली आहे. फरीदाने ती फाईल मुख्य मशीनवर ठेवली, एक प्रत माझ्याकडे, एक अजून तिसरीकडे. कुठे ते मी सांगणार नाही.

आता केतनच्या कंपनीने नवी सोय केली आहे. रंगीत चित्रांचीच. महिन्यातून एकदा पडद्यावर मोठं लाल वर्तुळ येतं आणि खाली सूचना येते: ही फाईल सर्वाधिक जागा व्यापते, काढून टाकायची का? केतनने फोन करून सांगितलं, मॅम, ती सूचना बंद करता येते, एक मिनिटाचं काम आहे. मी फरीदाला म्हटलं, बंद करून टाक.

ती नाही म्हणाली. आणि मला दाखवलं का ते.

पुढची सूचना आली त्या दिवशी हिराबाय माडी चढून आली. बाजाराची पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली, चष्मा लावला, लाल वर्तुळाकडे बघितलं. बोट पदराला पुसलं. आणि 'नाही'वर दाबलं. एकदा दाबलं तरी पुरतं, असं फरीदाने तिला किती वेळा सांगितलं आहे.

ती दोनदा दाबते.